नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: सोलापूरच्या बागेतली दरवर्षीची तक्रार

तक्रार ठरलेली असते. दसरा-दिवाळीत हौसेनं आणलेली पेटुनिया जानेवारीतली गड्ड्याची यात्रा येईपर्यंत पिवळटते. फेब्रुवारीत मोगऱ्याची छाटणी होते, नवी फूट येते, पण ती हिरवी येण्याऐवजी लिंबाच्या सालीसारखी पिवळी येते. जास्वंदाची शेंड्याकडची पानं फिकी पडतात, त्यात शिरांची हिरवी जाळी तेवढी उठून दिसते. कळ्या येतात, पण बारक्या, आणि अर्ध्या उमलायच्या आत गळतात. मग खत घातलं जातं. खतानं काही होत नाही म्हणून आणखी खत घातलं जातं. जून-जुलैत दोन-चार चांगले पाऊस झाले की झाड आपोआप हिरवं होतं, आणि श्रेय शेवटच्या खताला जातं. पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच.

पावसात झाड सुधारतं, या एका गोष्टीतच अर्धं उत्तर आहे. ते सुधारतं कारण तेवढे दिवस त्याला बोअरचं पाणी मिळत नाही.

आधी नीट बघा, पिवळं काय आणि कुठं

पान पिवळं पडलं एवढ्यावरून काहीच ठरत नाही. झाडाजवळ बसायचं आणि बघायचं, की पिवळेपणा शेंड्यापासून सुरू झालाय की बुडापासून.

शेंड्याची, म्हणजे सगळ्यात नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या आणि खालची जुनी पानं ठणठणीत असतील, तर लोह कमी पडतंय. झाड एका पानात बसवलेलं लोह तिथून काढून दुसऱ्या पानाला देऊ शकत नाही, त्यामुळे टंचाईचा फटका नव्या पानाला आधी बसतो. दुखणं वाढलं की शिराही फिक्या होतात, पान जवळजवळ पांढरं पडतं आणि कडा करपतात.

उलट, खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील तर नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी आहे. तिथं शेणखताची किंवा गांडूळखताची गरज आहे, या लेखाची नाही. खालच्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम बघा. पानावर सुईनं टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके असतील, पान धुळकट वाटत असेल आणि मागच्या बाजूला बारीक जाळी असेल, तर ती लाल कोळी आहे. मार्चपासून सोलापूरच्या कोरड्या हवेत ती वाढायला लागते. तिच्यासाठी पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारणं हा पहिला उपाय आहे. खत हा उपायच नव्हे.

एक प्रकार फार फसवा आहे. पानं पिवळी आहेत, झाड मलूल आहे आणि माती मात्र ओली आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि आलं की माणसं पुढच्या चार दिवसांचं पाणी एकदमच कुंडीत ओतून मोकळी होतात. काळी माती ते धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात. कुजलेल्या मुळाला मातीत असलेलं लोहही उचलता येत नाही, त्यामुळे लक्षणं अगदी लोहाच्या कमतरतेसारखीच दिसू शकतात. म्हणून कुठलंही औषध घालायच्या आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. खाली ओल असेल तर आधी पाणी थांबवा, कुंडीचं बुडाचं भोक मोकळं आहे का ते तपासा, मग पुढचं वाचा.

लोह कमी नाही, ते कुलपात आहे

सोलापूरची काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली. त्या खडकात लोह भरपूर, मातीतही भरपूर. मग झाडाला मिळत का नाही? कारण मातीत चुनखडीही तेवढीच आहे. जमीन थोडी खोल खणली की पांढरे खडे लागतात ते हेच. या चुन्यामुळे मातीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास किंवा वर राहतो. एवढ्या सामूला लोह पाण्यात विरघळतच नाही, ते गंजाच्या रूपात मातीला चिकटून बसतं. सामू एका अंकानं वाढला की विरघळलेलं फेरिक, म्हणजे गंजातल्या रूपाचं, लोह हजार पटींनी घटतं. सहाचा सामू आणि आठचा सामू यांत दोनाचाच फरक आहे असं कागदावर वाटतं. झाडाच्या दृष्टीनं तो भरलेल्या हौदाचा आणि कोरड्या हौदाचा फरक आहे.

झाडं यावर स्वतःही उपाय करतात. मुळं आम्ल सोडून आपल्याभोवतीची माती थोडी आंबट करतात आणि लोह सोडवून घेतात. इथं बोअरचं पाणी आडवं येतं. त्या पाण्यात बायकार्बोनेट असतात. मुळानं सोडलेलं आम्ल बायकार्बोनेट जागच्या जागी मारून टाकतात. आणि आपण रोज संध्याकाळी झारी भरून तेच पाणी घालत असतो.

तुमचं पाणी कसं आहे हे बघायला प्रयोगशाळेची गरज नाही. गिझरची कॉइल, चहाचं पातेलं, नळाची तोटी आणि कुंडीचा बाहेरचा काठ बघा. पांढरा खरखरीत थर धरत असेल तर पाणी त्यातलंच. उजनीचं नळाला येणारं पाणीही अगदी मऊ नाही, पण बहुतेक बोअरपेक्षा बरं.

शेजारच्या काकूंशी या विषयावर झालेलं बोलणं असं:

"काकू, पाणी कुठलं घालता?"

"बोअरचंच की. नळाचं प्यायलाच पुरंना, झाडाला कुठून घालू?"

"आणि खत?"

"अंड्याची टरफलं, चुलीची राख. सगळं घरचंच, केमिकल काही नाही बघ."

टरफलं म्हणजे चुनाच. लाकडाची राखही सामू वाढवणारी. कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत ही दोन्ही खतं उपयोगी पडतील. आपल्याकडे चुन्याच्या मातीत, चुन्याच्या पाण्याबरोबर आणखी चुना घालणं होतं. घरचं आहे म्हणून ते झाडाला मानवेलच असं नाही.

खात्री करून घेण्याच्या दोन चाचण्या

पहिली मातीची. वाफ्यातली किंवा कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वरून व्हिनेगरचे काही थेंब टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. जोरात फसफसलं तर भरपूर आहे. लाल माती म्हणून आणलेल्या पोत्याचीही हीच चाचणी करा. लाल मुरूम दिसायला लाल असतो, पण इकडच्या मुरमात पांढरे कण मिसळलेले असू शकतात.

दुसरी चाचणी पानाची, आणि ती मला जास्त आवडते, कारण उत्तर झाड स्वतः देतं. कृषी सेवा केंद्रातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणा. खडे फिकट हिरवे हवेत. पिवळे-तपकिरी झालेले असतील तर ते आधीच गंजलेत, घेऊ नका. पेलाभर, म्हणजे 200 मिलि पाण्यात आधी चिमूटभर सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग 1 ग्रॅम हिराकस. पाणी बोअरचं नको, आरओचं किंवा एसीचं घ्या. त्यात शाम्पूचा एक थेंब टाका म्हणजे द्रावण पानावर पसरेल. कापसाचा बोळा भिजवून एका पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या फक्त एकाच बाजूला लावा. त्या फांदीला दोरा बांधून ठेवा, नाहीतर आठवड्यानं कुठलं पान ते आठवत नाही. आठ-दहा दिवसांत लावलेली बाजू हिरवी झाली आणि दुसरी पिवळीच राहिली, तर निदान पक्कं. काहीच फरक पडला नाही तर मुळं कुजलीत का ते बघा, किंवा मँगनीजची कमतरता धरा. तीही जास्त सामूमुळेच होते आणि दिसायला जवळपास अशीच असते.

बाग मोठी असेल, चाळीस-पन्नास झाडं जमिनीत असतील, तर मातीचा नमुना परीक्षणाला देणं योग्य. अहवालात सामू, मुक्त चुना आणि लोह हे तीन आकडे बघायचे. लोह साधारण 4.5 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत साडेचार भागांच्या, खाली असेल तर कमतरता धरतात. विचारलंत तर पाण्याचीही तपासणी करून मिळते.

लगेच काय करायचं

फवारणी. एक लिटर पाण्याला 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात ते लिंबूफूल म्हणूनही मिळतं. क्रम तोच, आधी लिंबूफूल मग हिराकस. द्रावण फिकट हिरवट राहिलं पाहिजे. तांबूस झालं तर ओतून द्या, त्यातलं लोह वाया गेलंय. ऊन उतरल्यावर फवारा, दुपारी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्या उन्हात फवारलं तर पान भाजतं. उमललेल्या फुलांवर आणि कोटा फरशीवर उडू देऊ नका, डाग पडतात आणि ते निघत नाहीत. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा केलं की नवी पानं हिरवी येऊ लागतात. पांढरी पडून कडा करपलेली पानं परत हिरवी होत नाहीत, त्यांची वाट बघू नका.

पेटुनियासारख्या नाजूक रोपांना हे द्रावण निम्म्या ताकदीचं करा.

पण फवारणी म्हणजे तापावरची गोळी. जी पानं आज झाडावर आहेत तेवढ्यांपुरतीच ती असते. पुढच्या महिन्यात येणाऱ्या पानांना लोह मुळातूनच मिळायला हवं.

हिराकस मातीतच का घालू नये, असं बरेच जण विचारतात, आणि मोगऱ्याच्या बुडाशी मूठभर टाकणारेही पुष्कळ आहेत. चुनखडीच्या मातीत पडल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा गंज होतो. म्हणजे मातीत आधीच असलेल्या ढीगभर गंजात आणखी मूठभर गंजाची भर. बुडाशी गंजके खिळे पुरण्याचं शास्त्रही असंच. झाडाजवळ लोखंडाचा तुकडा असून उपयोग नाही, ते विरघळलं पाहिजे. हिराकस मातीतून द्यायचंच असेल तर चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात आठवडाभर मिसळून ठेवा आणि मग मुळांजवळ चर काढून द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला काही काळ धरून ठेवतात.

मातीतून देण्यासाठी खरं कामाचं आहे ते चिलेटेड लोह, म्हणजे गंज होऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह. इथं मात्र पाकीट नीट वाचा, कारण पैसे वाया जातात ते इथंच. दुकानात सहज मिळतं ते ईडीटीए प्रकारचं, पिवळसर भुकटी. ते साडेसहाच्या वरच्या सामूला लोह सोडून देतं आणि कॅल्शियमला धरतं. आपल्या मातीत ते घालणं व्यर्थ, फवारणीसाठी मात्र चांगलं, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. डीटीपीए प्रकार साधारण साडेसातपर्यंत टिकतो. आठच्या वरही टिकतं ते ईडीडीएचए. गडद लाल, पाण्यात टाकलं की वाइनसारखा रंग. महाग आहे, प्रत्येक दुकानदाराकडे नसतं. डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांना लागतं म्हणून जिल्ह्यात मिळतं मात्र. 12 इंची कुंडीला 1 ते 2 ग्रॅम, मोठ्या जास्वंदाला 15 ते 20 ग्रॅम, पाण्यात विरघळवून मुळांशी. उन्हात ते विघटतं, म्हणून संध्याकाळी द्या आणि वरून पालापाचोळा घाला. हे फवारायचं नाही. नवी फूट यायच्या आधी, म्हणजे मोगऱ्याला छाटणीनंतर लगेच आणि गुलाबाला ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिलं तर ऐन वेळेला उपयोगी पडतं. पिवळेपणा दिसल्यावर दिलं तरी चालतं, पण तो बहर अर्धा गेलेला असतो.

'ग्रेड 2' या नावानं फवारणीची सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळतात. त्यात लोह फक्त 2.5 टक्के असतं. लोह, जस्त, मँगनीज सगळंच थोडं थोडं कमी असेल तेव्हा ते ठीक. निव्वळ लोहाच्या रोगाला कमी पडतं.

पाणी बदलल्याशिवाय दुखणं जात नाही

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय पावसाचं पाणी. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर पाणी होतं. सप्टेंबरातल्या दोन चांगल्या पावसांत टाकी भरते. आता सोलापुरातली एक खास अडचण. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून आपण स्लॅबला चुना मारतो. त्या गच्चीवरचं पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी म्हणजे चुन्याची निवळीच असते. ते गटारात जाऊ द्या, त्यानंतरचं भरा. टाकीला घट्ट झाकण आणि वरून कापड हवं, नाहीतर डासांची पैदास होते.

हे पाणी सगळ्या बागेला पुरणार नाही आणि पुरवायचंही नाही. अनंत, इक्झोरा, पेटुनिया, कुंडीतला मोगरा, एवढ्यांसाठी राखून ठेवा. बोअरचं आणि पावसाचं निम्मं-निम्मं मिसळलं तर बायकार्बोनेटही निम्मे होतात, आणि पुष्कळ झाडांना तेवढंही पुरतं.

एसीचं पाणी चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. कूलरचं पाणी मात्र अजिबात नको. दिवसभर कूलर चालतो, पाणी वाफ होऊन उडतं, क्षार टाकीतच राहतात. आठवड्यानं टाकी रिकामी करताना खाली उरतं ते बोअरच्या पाण्याचं आटवलेलं सत्त्व. घरोघरी ते कुंड्यांतच ओततात, वाया जाऊ नये म्हणून. आरओमधून बाजूला निघणारं पाणीही तसंच, फरशी पुसायला वापरा. नव्या बंगल्यांत बसवलेल्या सॉफ्टनरचं पाणी तर याहून वाईट. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याजागी सोडियम सोडतो. बायकार्बोनेट जसेच्या तसे राहतात, आणि सोडियमनं काळी माती चोपण होते, घट्ट आणि चिकट, पाणी न मुरणारी. नळावर साबणाचा फेस छान येतो म्हणून ते पाणी झाडाला चांगलं असं समजू नका. बागेची तोटी सॉफ्टनरच्या आधी काढून घ्यायला प्लंबरला सांगा.

पाणी रात्रभर बादलीत ठेवून घातलं तर? नळाच्या पाण्यातलं क्लोरीन थोडं उडतं, बायकार्बोनेट कुठं जात नाहीत.

बोअरचंच घालायचं असेल तर ते थोडं आंबट करून घाला. 15 लिटरच्या बादलीला साधारण 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, सायट्रिक ॲसिड. ढवळा, थोडा वेळ थांबा, आणि पीएचच्या पट्टीनं बघा. सहा ते साडेसहा यायला हवा. तुमचं बोअर जास्त जड असेल तर थोडं वाढवावं लागेल, पण पट्टी न बघता वाढवू नका. मातीतले जिवाणू हे आम्ल हळूहळू खाऊन टाकतात, त्यामुळे परिणाम कायमचा नसतो. कुंडीतल्या निवडक झाडांना आठवड्यातून एक-दोन पाण्यांत एवढं करा, जमिनीतल्या बागेला करत बसू नका. तुरटीनंही सामू उतरतो, पण ॲल्युमिनियमचा भार वाढतो, आणि 'जरा जास्त टाकली' हे कधी होतं ते कळत नाही. मी तिच्या वाटेला जात नाही.

गंधकाचा हिशेब

गंधक घाला, माती आंबट होते, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात हे बरोबर. पण ते आम्ल सामू उतरवायच्या आधी मोकळ्या चुन्यावर खर्च होतं, आणि चुना किती आहे याचा हिशेब कुणी करत नाही. 100 ग्रॅम चुना संपवायला 32 ग्रॅम गंधक लागतं. कुंडीत 10 किलो माती आहे आणि तिच्यात 5 टक्के चुना आहे असं धरा. म्हणजे 500 ग्रॅम चुना, म्हणजे 160 ग्रॅम गंधक, तेही फक्त चुना संपवायला. एवढं गंधक एका कुंडीत घातलं तर झाड आधी मरेल. चमचाभर घातलं तर मुळांजवळच्या लहान टापूत थोडा फरक पडेल, तोही काही महिन्यांनी. कुंडीसाठी सरळ मातीच बदलणं सोपं.

मिश्रण असं करा. धुतलेलं कोकोपीट चार भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत तीन भाग, व्हिनेगरला न फसफसणारी लाल माती दोन भाग, जाड वाळू आणि निंबोळी पेंड मिळून एक भाग. काळी माती यात नको. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका, त्यात खारटपणा असतो. एक-दोन वेळा चांगल्या पाण्यात भिजवून पिळून घ्या.

सिमेंटची नवी कुंडी असेल तर तिच्यातूनही चुना झिरपतो. आठवडाभर पाण्यानं भरून ठेवा, पाणी अधूनमधून बदला, मगच वापरा. अनंत आणि इक्झोरा मी सिमेंटच्या कुंडीत लावतच नाही.

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या बाजूच्या नव्या घरांत आणखी एक भानगड असते. कंपाउंडच्या भिंतीलगतचा वाफा म्हणजे बांधकामाचा राडारोडा आणि त्यावर वीतभर माती. सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे, वीटकूट. तिथं रांगेनं लावलेल्या जास्वंदी भिंतीकडच्या बाजूनं जास्त पिवळ्या दिसतात. वीतभर माती उकरून बघितली तरी कळतं. तिथं दीड-दोन फूट खोल खड्डा करून राडा काढल्याशिवाय दुसरा इलाज नाही, किंवा मग तिथं कण्हेर लावा.

जमिनीतल्या मोठ्या झाडांना मात्र माती बदलणं शक्य नसतं. त्यांच्या बुडाशी दरवर्षी पावसाच्या तोंडाला दोन घमेली शेणखत, वर पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि खत म्हणून युरिया किंवा डीएपीऐवजी अमोनियम सल्फेट, लिटरला 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा. अमोनियम सल्फेट मुळांजवळची माती थोडी आंबट करत नेतं. फुलं यावीत म्हणून डीएपी किंवा हाडांचं खत घालत राहणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जास्त झालं की लोह आणखी अडकतं. बहुतेक जुन्या कुंड्यांत स्फुरद गरजेपेक्षा जास्तच साठलेलं असतं.

सप्टेंबरात मोठा पाऊस होऊन काळ्या जमिनीत पाणी साचलं तर जमिनीतली झाडं पावसातही पिवळी पडतात. बंद, ओल्या, चुनखडीच्या मातीत बायकार्बोनेट मातीतच तयार होतात. त्या वेळी औषध नको. चर काढून पाणी काढून द्या, वाफसा आला, म्हणजे मातीत ओल राहून हवाही खेळू लागली, की झाड सावरतं.

रोप आणतानाच

आपल्याकडची पुष्कळ रोपं बाहेरून येतात. उरुळी कांचनच्या बाजूनं, किंवा थेट आंध्रातल्या कडियमहून. रोप लाल चिकणमातीच्या गोळ्यात बांधलेलं असतं. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर उन्हाळ्यात गोळा कोरडा आणि भोवतालची माती ओली, असं होतं. मुळं गोळ्याबाहेर यायला तयार नसतात, आणि आलीच तर चुन्यात येतात. लावताना गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती बोटांनी सैल करा, मुळं मोकळी दिसू द्या, आणि खड्ड्यात वरचं मिश्रण भरा.

गुलाबाला आणखी एक प्रश्न असतो, खुंटाचा, म्हणजे कलम ज्या मुळांवर बांधलंय त्याचा. मल्टिफ्लोरा या रानगुलाबावर डोळा भरलेला गुलाब चुनखडीच्या जमिनीत लवकर पिवळा पडतो. विचारून घ्या. स्वतःच्या मुळांवर वाढलेला गावठी गुलाबी गुलाब याबाबतीत बराच निबर आहे, आणि गुलकंदालाही तोच चालतो.

कुणासाठी एवढं करायचं

ही सगळी उस्तवार प्रत्येक झाडाला लागत नाही. अनंत, इक्झोरा, सोनचाफा, संकरित जास्वंद ही लोहाच्या बाबतीत हळवी झाडं. हंगामी फुलांत पेटुनिया, पॅन्झी, स्नॅपड्रॅगन, सदाफुली तशीच. सदाफुलीचं नाव या यादीत बघून आश्चर्य वाटेल, कारण ती रस्त्याच्या फटीतही उगवते. पण कुंडीत, बोअरच्या पाण्यावर, संकरित सदाफुली पिवळी पडतेच. ही रोपं लोह उचलण्यात मुळातच कच्ची असतात.

झेंडूचं बरोबर उलटं. तो लोह उचलण्यात इतका पटाईत आहे, की आंबट मातीत जास्त लोह उचलून पानांवर तांबूस ठिपके पाडून घेतो. म्हणून लिंबूफुलाचं पाणी आणि हिराकस झेंडूच्या कुंडीला देऊ नका. पेटुनिया आणि झेंडू एकाच लांब कुंडीत लावून दोघांनाही एकच औषध देणं म्हणजे एकाचं भलं आणि दुसऱ्याचं वाटोळं.

झेंडू, झिनिया, कोंबडा, गलांडा, चिनीगुलाब, तगर, कण्हेर, बोगनवेल, देशी जास्वंद यांना आपली माती आणि आपलं पाणी चालतं. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू भाषकांच्या बतुकम्मा या फुलांच्या सणाच्या दिवसांत झेंडू आणि कुर्डूच्या फुलांचे थर रचले जातात, ती दोन्ही झाडं या जमिनीत कुणी औषध न देता वाढतात. गच्चीवर वीस कुंड्या असतील तर पंधरा यातल्या ठेवा. उरलेल्या पाच कुंड्यांत अनंत नाहीतर पेटुनिया, आणि पावसाचं साठवलेलं पाणी त्यांच्यासाठीच. ते मार्चअखेरीस संपतं. पेटुनियाही तेवढ्यात उन्हानं संपते, त्यामुळे एप्रिलपासून उरलेलं एसीचं पाणी एकट्या अनंताला पुरतं.